झऱ्याजवळचं दार

गावातल्या नळांचे मीटर वाचायचं काम बावीस वर्षं एकाच बाईंकडे होतं, त्यामुळे त्यांचं खरं नाव काय हे विचारायची वेळ कोणावर आली नाही. सगळे त्यांना रीडिंगबाई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, पेन्सिल आणि काच पुसायला एक जुना रुमाल. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाकडे बाळ झालंय, कोण भांडून माहेरी गेलीय, हे सगळं त्यांना आकड्यांवरून कळायचं आणि त्या कोणाला सांगायच्या नाहीत. अंदाजाने आकडा लिहिणं हे त्यांच्या लेखी पापच होतं. एकदा बेकरीच्या मागच्या मीटरवर एक कुत्रा झोपला होता. त्याला हाकलायची हिंमत नव्हती, म्हणून बाई तिथेच पायरीवर दीड तास बसून राहिल्या. तो उठला, मग आकडा घेतला.

गाव समुद्राला अगदी चिकटलेलं. विहिरी खोदल्या की खारं पाणी लागायचं, तेव्हा पिण्याचं पाणी यायचं ते मागच्या डोंगरावरून. पाच किलोमीटरवर दाट जंगलात एक झरा होता, आणि तिथून सहा इंची पाइप खाली गावात येत होता. जंगल पाऊस धरून ठेवायचं आणि वर्षभर बेताबेताने सोडायचं. दोन वर्षांपूर्वी उत्तरेच्या उतारावरचा एक छोटा तुकडा विजेच्या खांबांसाठी तोडला, तर पुढचे एकोणीस दिवस नळाला चहासारखं पाणी आलं होतं. चारशे मीटर गाळाने अडले. ते चारशेच्या चारशे रीडिंगबाईंनी उघडून धुतले होते. त्यामुळे अख्खा डोंगर तोडायला दिल्याची नोटीस मासळीबाजाराच्या भिंतीवर लागली, तेव्हा लोकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण पहिल्यांदा पळालं ते बाईंच्या.

गावातर्फे तिघं जंगलखात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले: रीडिंगबाई, सुतार आणि प्लंबर. अधिकारी सज्जन होते. त्यांनी तिघांना बसायला खुर्च्या दिल्या, सगळं नीट ऐकून घेतलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं. नियम असा होता, की ज्या घरात माणूस राहतो आणि ज्याला पाण्याचा मीटर आहे, त्या घराभोवती तीनशे मीटरपर्यंत एकही झाड तोडायचं नाही.

"म्हणजे तुम्ही सुरक्षितच आहात," साहेब म्हणाले. "गावातल्या घरांभोवती तीनशे मीटरांत मिळून अकरा झाडं आहेत. त्यांना कोणी बोट लावणार नाही, हा माझा शब्द."

सुताराने सांगून पाहिलं, की पाणी त्या अकरा झाडांतून येत नाही. साहेबांनी मान्य केलं. पण झऱ्यापाशी कोणी राहत नाही, त्यामुळे तिथलं पाणी कोणी पितं असं खात्याला म्हणता येत नव्हतं. पाणी जिथे पितात तिथे झाडं नव्हती, आणि झाडं होती तिथे पिणारा नव्हता.

रीडिंगबाईंनी त्या पुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "घर म्हणजे काय, ते लिहिलंय का कुठे?"

साहेबांनी पानं उलटली. दार असलेलं, दाराला नंबर असलेलं आणि आत माणूस राहत असलेलं, ते घर.

"आणि भिंती?"

साहेबांनी आणखी दोन पानं पाहिली, परत मागे आले, चष्मा पुसला. "भिंतींचा उल्लेख नाही," ते म्हणाले. आवाजात थोडं आश्चर्य होतं.

दार सुतार देणार होता. मीटर प्लंबर बसवणार होता. अडत होतं ते माणसापाशी. रात्रंदिवस डोंगरावर जाऊन राहणार कोण? संध्याकाळी जेवताना बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा बर्फाच्या कारखान्यात होता आणि तोंडात बर्फाचा खडा धरल्यासारखा आयुष्यभर गप्प राहिला होता. तो आताही गप्पच राहिला. बोलल्या त्या सासूबाई.

सासूबाई आणि रीडिंगबाई एकमेकींना पाण्यात पाहत, हे गावाला ठाऊक होतं. भांडण असं कधी होत नसे. एक भांडं एकीने उजवीकडे ठेवायचं आणि दुसरीने न बोलता डावीकडे, असं बावीस वर्षं चाललं होतं.

"मी जाते," सासूबाई म्हणाल्या. "या घरात माझं कोणी ऐकत नाही. तिथली झाडंही ऐकणार नाहीत, पण निदान ऐकल्यासारखं तरी करणार नाहीत."

बाईंनी तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी ट्रंक भरायला घेतली होती.

दार वर न्यायला सहा माणसं आणि दोन दिवस लागले. सुताराने हात आखडता घेतला नाही. चौकट जमिनीत पक्की गाडली, बिजागऱ्या पितळी लावल्या, कडी लावली, पत्रं टाकायला फट ठेवली आणि वर पांढऱ्या रंगात नंबर काढला: १. दाराच्या मागे चार झाडांना ताडपत्री बांधली, तिच्याखाली खाट, स्टोव्ह आणि ट्रंक. प्लंबरने झऱ्याच्या तोंडाशी नळ काढला आणि मीटर बसवला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी स्टोव्ह डावीकडून उजवीकडे हलवला आणि तो तिथेच राहिला, म्हणून त्या फार खूश झाल्या.

चौथ्या दिवशी अधिकारी तपासणीला आले. दाराच्या दोन्ही बाजूंना नुसतं जंगल होतं. बाजूने दोन पावलं टाकली असती तर ते सरळ खाटेपाशी पोहोचले असते. पण साहेब नियमाने चालणारे. त्यांनी दार वाजवलं. आत, म्हणजे चार हातांवर, सासूबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चौकटीच्या बाजूने साहेबांकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "कोण आहे?"

साहेबांनी नाव, हुद्दा, खातं सांगितलं. सासूबाईंनी हातातली चादर आधी वाळत घातली आणि मग कडी काढली. "बूट पुसून या. आत्ताच झाडलंय."

साहेबांनी पालापाचोळ्यावर पालापाचोळ्याने बूट पुसले आणि आत आले. वहीत त्यांनी लिहिलं: दार आहे, नंबर आहे, मीटर आहे, माणूस आहे आणि सावध आहे. तीनशे मीटरचं वर्तुळ मंजूर झालं.

लाकूडठेकेदार हे ऐकून हसला. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस तो, आणि त्यातल्या नऊ गावांत आता पाणीच उरलं नव्हतं. बंदररस्त्यावर त्याचं घर होतं. तो म्हणाला, म्हातारीचं वर्तुळ म्हातारीला लखलाभ, उरलेला डोंगर माझा. यात खोटं काही नव्हतं. झऱ्याचं तोंड वाचलं होतं, पण झऱ्याचं पोट त्याच्या वरच्या सगळ्या उतारांवर होतं.

मग गावात दारांची साथच आली. सुताराला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. ज्यांना नव्या दाराची वाट पाहायची नव्हती त्यांनी आपल्या राहत्या घराचं दार काढून वर नेलं आणि खाली पडदा लावला. आठवड्याभरात आणखी अठरा दारं डोंगरावर उभी राहिली आणि अठरा घरांतून एकेक माणूस त्यामागे राहायला गेलं. मीटरसाठी अर्ज गेले, आणि अर्ज निकाली निघेपर्यंत करवत चालवता येत नसे. ठेकेदाराची माणसं खाली बसून पत्ते कुटू लागली.

एकदा दारं झाली म्हटल्यावर शेजार झाला, आणि शेजार झाल्यावर कटकटी आल्याच. बेकरीवालीचं दार जाळी विणणाऱ्याच्या दाराच्या बरोबर समोर उघडत होतं, आणि तो आपल्या घरात टक लावून बघतो अशी तिची तक्रार होती. तिच्या घराला तिन्ही बाजू उघड्या होत्या, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. कोणी दार धाडकन लावलं की बाकीचे चिडायचे. एकाची किल्ली हरवली तर तो दोन तास बाहेर बसून राहिला. सासूबाई या सगळ्यांत जुन्या रहिवासी, त्यामुळे तंटे त्यांच्याकडे यायचे आणि त्या ते मोठ्या आवडीने सोडवायच्या.

रीडिंगबाई दर दोन दिवसांनी वर जायच्या, सासूबाईंना लागेल ते द्यायच्या. दार वाजवायच्या, आत बोलावलं की जायच्या. एका स्वयंपाकघरात बावीस वर्षांत जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या ताडपत्रीखाली महिन्यात झालं. बहुतेक ते बेकरीवालीबद्दल होतं, पण बोलणं ते बोलणं.

आणि मग रस्तेखात्याच्या बाई टेप घेऊन आल्या.

त्याही सज्जन होत्या. एकोणीस घरं म्हणजे वस्ती, आणि वस्तीला रस्त्याचा हक्क असतो, असं त्यांनी समजावलं. बारा मीटर रुंदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दिवे आणि शेवटी बस वळायला मोकळं गोल मैदान. ते मैदान नकाशात बरोबर झऱ्यावर येत होतं. कोणीही अर्ज केला नव्हता, तरी रस्ता मंजूर झाला होता. त्यासाठी दोन हजार सहाशे झाडं जाणार होती, आणि ती तोडायचं काम ठेकेदाराला मिळालं होतं. तो फळांची टोपली घेऊन सासूबाईंचे आभार मानायला आला. सासूबाईंनी त्याला दाराबाहेर अर्धा तास उभं केलं, टोपली आत घेतली आणि दार लावून टाकलं.

बर्फाच्या कारखान्याच्या आवारात सगळं गाव जमलं. अधिकारीही आले आणि त्यांनी परिस्थिती सांगितली. एकोणीस दारांपैकी मीटर फक्त एक नंबरला. सोमवारी त्याचं रीडिंग घ्यायचं. आकडा शून्य निघाला तर तिथे कोणी राहतच नाही, मग वर्तुळ रद्द आणि डोंगर ठेकेदाराचा. आकडा चालता निघाला तर ती वस्ती, आणि मग रस्ता.

"इकडे आड, तिकडे विहीर," सुतार म्हणाला, "आणि पाणी दोन्हीकडे नाही."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणे शून्य लिहा, डोंगराचं नंतर पाहू, दगडापेक्षा वीट मऊ. कोणी म्हणे भरपूर लिहा, रस्ता व्हायला दहा वर्षं लागतील. प्लंबर म्हणाला, मधलं काहीतरी लिहा, म्हणजे अर्धं माणूस राहतं असं निघेल. सगळे रीडिंगबाईंकडे बघत होते. गाव बुडायला निघालं आणि बुडवणारी पेन्सिल आपल्या पिशवीत आहे, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात मागून त्यांचा नवरा बोलला. तो बोलू शकतो हे काही जणांना त्या दिवशी कळलं.

"ती दिसेल तेच लिहील," तो म्हणाला. "उगाच घसा कोरडा करू नका."

सोमवारी सकाळी दोन्ही खाती, ठेकेदार आणि निम्मं गाव वर आलं. रीडिंगबाईंनी दार वाजवलं. कोण म्हणून विचारणा झाली. मीटर, असं त्यांनी सांगितलं. आत गेल्या, झऱ्याशी गुडघे टेकले, मीटरवरची पानं बाजूला केली आणि रुमालाने काच पुसली. आकडा वाचला. परत वाचला. मग पेन्सिलीचं टोक प्रत्येक अंकावर ठेवत तिसऱ्यांदा वाचला.

"एक कोटी अठ्ठेचाळीस लाख तीन हजार दोनशे लिटर," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात."

प्लंबर कान खाजवू लागला. त्याने हळूच सांगितलं, की झऱ्यावर पाइप एकच, तो सहा इंची, घरगुती मीटर काही त्याच्यावर बसेना. म्हणून कारखान्यासाठी आणून ठेवलेला मोठा मीटर त्याने मुख्य पाइपावरच चढवला होता, आणि सासूबाईंचा नळ त्याच्या पुढे काढला होता. म्हणजे गावात जाणारा थेंब न् थेंब आधी एक नंबरच्या मीटरमधून जात होता.

बाई तशाच गुडघ्यांवर बसून राहिल्या. बावीस वर्षं दारोदार हिंडून, वाकून, काचा पुसून जे आकडे त्या एकेक करून वेचत आल्या होत्या, ते सगळे इथे एका काचेखाली एकत्र होते. बेकरी होती, बंदर होतं, शाळा होती, ठेकेदारसुद्धा होता. मग त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि खाली सही केली.

"हे पाणी या घराचं?" साहेबांनी विचारलं.

"मीटर या घराचा आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फाइल गुडघ्यावर ठेवून गणित मांडलं. माणशी रोज एकशे वीस लिटर, महिन्याचे तीस दिवस. उत्तर आलं, चार हजार एकशे बारा माणसं. त्यांनी गणित पुन्हा केलं आणि सासूबाईंकडे वळले.

"आजी, या घरात माणसं किती?"

सासूबाई फळं कापत होत्या. "मोजली नाहीत कधी," त्या म्हणाल्या. "येत-जात असतात."

हे उत्तर नियमात बसत होतं. आणि नियमात पुढे असंही होतं, की घरात पाचांहून जास्त माणसं असतील तर पाचांवरच्या दर माणशी वर्तुळ एक मीटरने वाढवावं. तीनशे अधिक चार हजार एकशे सात. साहेबांनी नकाशावर कंपास ठेवला आणि वर्तुळ काढलं. त्यात सगळा डोंगर आला, पलीकडचा उतार आला, आणि गावाच्या पहिल्या घरांपाशी ते थांबलं. ठेकेदार म्हणाला, यात कुठेतरी पाणी मुरतंय. साहेबांनी जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, हो, त्यासाठीच तर हे सगळं आहे.

राहिला रस्ता. रस्तेखात्याच्या बाईंनी टेप गुंडाळली. घर ते गाव असा रस्ता बांधता येतो. पण गाव जर घरातच राहत असेल, तर तो घरातल्या घरात झाला, आणि घरातल्या घरात रस्ता बांधायची त्यांच्या खात्याला परवानगी नव्हती. "त्याला व्हरांडा म्हणतात," त्या म्हणाल्या, "आणि व्हरांडा ज्याचा त्याने करायचा असतो." बाकीची अठरा दारं आतल्या खोल्या ठरली. बेकरीवालीला स्वयंपाकघर मिळालं नाही म्हणून ती चार दिवस कोणाशी बोलली नाही.

एवढ्या मोठ्या कुटुंबाची नोंद करणं भाग होतं. तीन आठवडे गाव रांगेने वर जात राहिलं. कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाई दारात बसायच्या, शेजारी रीडिंगबाई लिहायला. प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं लिहायचं होतं, आणि ते सासूबाई तोंड बघून ठरवायच्या. सुतार धाकटा भाऊ झाला, प्लंबर भाचा, कारण भाच्यांची कामं अशीच असतात, असं त्या म्हणाल्या. बेकरीवालीला जाऊबाई केलं. तरीही एकशे ब्याऐंशी माणसं कमी पडली. तेवढ्यांचं पाणी खरं तर बर्फाच्या कारखान्यात जात होतं, पण आकडा जुळल्याशिवाय साहेब सही करेनात. शेवटी लिहिलं, एकशे ब्याऐंशी पाहुणे, मुक्काम अनिश्चित.

शेवटच्या दिवशी साहेब स्वतःच रांगेत उभे होते. बदलीवर आले असले तरी राहायला गावातच होते. त्यांनी दार वाजवलं, बूट पुसले, आणि आपल्याच खात्याचा फॉर्म हातात धरून विचारलं, "माझ्यापुढे काय लिहू?"

"पाणी इथलंच पिता ना?"

"पितो."

"मग धाकटा मुलगा लिही," सासूबाई म्हणाल्या, "आणि आल्यासारखा ती ट्रंक जरा सावलीत सरकव."

त्या दिवसापासून ते रीडिंगबाईंचे दीर झाले, आणि ऑफिसात गेल्या की बाईंना चहा विचारला जाऊ लागला.

ठेकेदारही बंदररस्त्यावरच्या नळाचंच पाणी पीत होता, त्यामुळे तोही सुटला नाही. त्याच्यापुढे सासूबाईंनी जावई लिहायला सांगितलं. त्याने खात्याच्या फॉर्मवरचं बारीक अक्षर वाचून काढलं, तेव्हा त्याला एक फट सापडली: कुटुंबातल्या माणसाने मागितलं आणि कुटुंबाने एकमताने होकार दिला, तर घराच्या आवारातली झाडं तोडता येतात. तो तडक वर आला आणि त्याने रीतसर मागणी केली. सासूबाईंनी ती मान देऊन घेतली. जावयाला नाही कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, घरात सगळ्यांना विचारून सांगते.

आणि विचारणं सुरूही झालं. रीडिंगबाई दर महिन्याला मीटर वाचायला जातात तेव्हा पाच-सात दारांत विचारतात, की जावईबापू झाडं तोडू का म्हणतायत, तुमचं काय मत? अंदाजाने उत्तर लिहायची त्यांची पद्धत नाही. कोणी म्हणतं, विचार करून सांगतो. कोणी म्हणतं, हे बाहेरगावी गेलेत, आल्यावर विचारते. दुसऱ्या वर्षाअखेर सहाशे चाळीस माणसं विचारून झाली होती, त्यांतल्या पाचशे नव्वद जणांनी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं होतं, आणि पाहुण्यांना कसं विचारायचं यावर खात्याचं मार्गदर्शन यायचं होतं.

त्या वर्षीचा उन्हाळा कडक गेला. किनाऱ्यावरच्या शेजारच्या गावांत टँकर फिरत होते. इथे नळ चालू होते. अशाच एका दुपारी रीडिंगबाई बंदररस्त्यावर ठेकेदाराच्या घरी पोहोचल्या. तो दारातच उभा होता, हातात नुकताच भरलेला पेला, बाहेरून थेंब ओघळतायत. बाईंनी वही उघडली आणि सगळ्यांना विचारत होत्या तसंच त्यालाही विचारलं.

ठेकेदाराने पेला वर धरला. पाण्यातून पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता. त्याने सावकाश, एका दमात तो रिकामा केला आणि ओठ पुसले.

"पुढच्या महिन्यात या," तो म्हणाला.

बाईंनी तसं लिहिलं, आणि वाकून त्याच्या मीटरची काच पुसू लागल्या.